दर्यापूरच्या अलीकडे

एसटीच्या पाटीवर दर्या होता,
खिडकीबाहेर मात्र सपाट काळी जमीन,
हरभरा, एक बाभूळ, पुन्हा हरभरा.
मी वहीत टिपलं: ग्रामनाम. व्युत्पत्ती अनिश्चित.
आणि दर्यापूरच्या दोन फाटे अलीकडे उतरले.

वय सत्तेचाळीस.
एकोणचाळीस हजार कार्डं,
बुटांच्या खोक्यांत अ ते ज्ञ लावलेली,
आणि खोक्यांच्या मधून चालायला एक वाट, माझ्याच मापाची.
आईच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता,
तेव्हा मी गुरुजींना हळूच विचारलं होतं,
तुमच्या भागात या दर्भाला काय म्हणतात.
भाऊ अजून बोलत नाही माझ्याशी.

या खेपेला पाणी गोळा करायचं होतं,
म्हणजे पाण्याच्या चवीचे शब्द.
खारं, सवळ, मचूळ,
आणि ते, ज्यात डाळ शिजत नाही.
म्हाताऱ्या म्हणाल्या, शालिकले विचारा.

शालिक इंगळे ग्रामपंचायतीच्या पाणी-मशीनवर बसतो.
वीस लिटरला सात रुपये.
खारं आत घेतो, गोडं बाहेर काढतो,
उरलेलं, आणखी खारट झालेलं, नालीत सोडतो.
‘त्याचं मले वाईट वाटते,’ पहिल्याच दिवशी म्हणाला,
‘त्या पान्याचा काय गुन्हा?’
मी ‘गुन्हा’चा उच्चार टिपला.

इथे ळ चा य होतो.
डोळा, डोया. आभाळ, आभाय. केळ, केय.
पंधरा दिवसांत मी त्याच्याकडून चारशे शब्द काढून घेतले.
त्याने मला एकच विचारलं,
‘बाई, तुमी जेवता कवा?’

मग एकदा, कॅन भरता भरता:
‘समुद्र पाह्यला काय तुमी?’
परिषदेला गेले होते, मी म्हणाले.
खोली किनाऱ्यावरच होती.
निबंध पुरा व्हायचा होता, पडदे उघडले नाहीत.
तो हसला नाही.
टाचेने जमीन ठोकली.
‘आमचा बी हाये. खालतं.
म्हाताऱ्या सांगतात, निजला थो, मंग उठलाच नाई.’

पौषात एका पहाटे
आंब दाखवतो म्हणून त्याने शेतात बोलावलं.
रात्री हरभऱ्यावर अंथरलेलं पांढरं धडपं
दवाने जड झालेलं.
एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या,
दोघांनी उलटं उलटं पिळलं.
खाली गंजात थेंब, मग धार, मग पुन्हा थेंब.
‘चाखा.’
आंबट. आंबटाच्या मागे मीठ.
मिठाच्याही मागे काहीतरी,
ज्याला माझ्या एकाही खोक्यात जागा नव्हती.
ओठ चुणचुणत राहिले.

मान वर केली तर शेत नव्हतं.
छातीपर्यंत धुकं,
पांढरं, हलतं, थेट आभाळापर्यंत,
बांध बुडालेले, बाभूळ बुडालेली,
आणि त्या सगळ्यावर फक्त आमची दोन डोकी.
तो धडपं झटकत चार सऱ्यांपलीकडे गेलेला.
कार्ड झोळीत होतं, पेन कानामागे.
मी घाबरले असेन,
पोहता न येणारी माणसं घाबरतात तशी.
‘शालिक,’ मी म्हणाले, ‘जवय ये.’

आधी काहीच नाही.
मग धुक्यात त्याचं हसू ऐकू आलं, मग पावलं.
‘लिवा,’ म्हणाला, ‘लिवा आता हे.’

लिहिलं. न लिहून जाते कुठे?
पण चौथ्या दिवशी, परतीचं तिकीट रद्द केल्यावर.
ज च्या खोक्यात आहे ते कार्ड,
जवळ च्या पाठीमागे.
निवेदक म्हणून नाव माझं,
आणि गावाच्या रकान्यात
हे गाव.